हुगळीकाठचा बर्फ आणि कोलकात्याची रात्र

३० एप्रिल २०२४ रोजी कोलकात्याच्या अलीपूर वेधशाळेत पारा ४३ अंश सेल्सिअसवर पोहोचला आणि तो आकडा देशभरच्या बातम्यांत झळकला. बातमी दुपारची होती. पण चौथ्या-पाचव्या मजल्यावर, थेट गच्चीखालच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला विचारले तर ते दुपारविषयी फारसे बोलणार नाही. दुपारी माणसे कामावर असतात, दुकानात असतात, झाडाखाली असतात. त्यांचे गाऱ्हाणे रात्रीचे असते. सूर्य मावळून चार तास उलटलेले असतात, खाली गल्लीतली हवा थोडीफार सुसह्य झालेली असते, आणि खोलीत मात्र छताकडे तळहात केला तर तव्यावर हात धरल्यासारखी धग जाणवते. पंखा फिरत असतो. छताजवळची तापलेली हवा तो इमानेइतबारे खाली लोटत असतो.

या धगीचा हिशेब अवघड नाही. घराचा काँक्रीटचा स्लॅब साधारण १२ सेंटिमीटर जाड असतो. दिवसाच्या तापण्या-निवण्याची लाट या जाडीतून पलीकडे पोहोचायला ढोबळमानाने तीन-साडेतीन तास घेते. गच्चीवर दुपारी एक-दोन वाजता पडलेल्या उन्हाचा कळस खोलीत संध्याकाळी पाचच्या सुमारास उतरतो, आणि स्लॅबमध्ये साठलेली उष्णता त्यानंतरही रात्री उशिरापर्यंत झिरपत राहते. उत्तर कोलकात्यातल्या जुन्या घरांच्या विटा-चुन्याच्या भिंतींची गोष्ट निराळी. ४० सेंटिमीटर जाडीच्या अशा भिंतीतून तीच लाट पलीकडे यायला बारा-तेरा तास लागतात आणि वाटेतच ती मूळच्या तिसाव्या हिश्शाएवढी क्षीण होते. त्या घरांच्या छतांवर विटांचे तुकडे आणि चुना एकत्र कुटून केलेला थर असे; बंगालीत त्याला ‘जलछाद’ म्हणतात. नाव पाण्यावरून पडले असले तरी तो थर उन्हालाही अडवी. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पांढऱ्या मातीच्या त्या जाड धाब्याखाली वैशाखातही दुपारची झोप लागते, ती याच कारणाने. जाडी गेली, सच्छिद्रता गेली, आणि त्यांच्या जागी जे आले ते मजबूत, झटपट आणि स्वस्त होते. उष्णतेच्या बाबतीत मात्र ते उघडे दार होते.

याच शहराच्या उत्तरेला, हुगळीच्या काठी, कधी काळी उघड्या आकाशाखाली बर्फ तयार होत असे, हे आज सांगितले तर थट्टा वाटेल. पण ती नोंदलेली हकिकत आहे.

सर रॉबर्ट बार्कर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधल्या फौजेचे सेनापती. १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी पूर्वेकडील बर्फ करण्याच्या रीतीवर एक टिपण छापले. अलाहाबादेत त्यांनी ती रीत स्वतः पाहिली होती. मोकळ्या मैदानात सुमारे ३० फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल असे चौरस खड्डे खणत. तळाशी उसाची पाचटे किंवा मक्याची वाळलेली ताटे आठ इंच ते फूटभर जाडीने अंथरत. त्यावर मातीच्या उथळ, झिलई नसलेल्या थाळ्या दाटीने मांडत. थाळीची खोली अवघी सव्वा इंच. संध्याकाळी अंधारू लागले की उकळून निववलेले पाणी त्यांत ओतत. पहाटे, सूर्य वर येण्याआधी, थाळ्यांवर बर्फाचे पापुद्रे धरलेले असत. ते टोपल्यांत गोळा करून चौदा-पंधरा फूट खोल कोठारात टाकत. कोठाराला आधी गवताचे आणि मग जाडजूड कांबळ्यांचे अस्तर. तिथे तो धुमसाने ठोकून एकजीव करत. अलाहाबादच्या तळ्यांत किंवा डबक्यांत आपण नैसर्गिक बर्फ कधी पाहिला नाही, असेही बार्कर नोंदवतात. म्हणजे हवा गोठणबिंदूपर्यंत उतरत नव्हती, आणि थाळीतले पाणी मात्र गोठत होते.

पुढे फॅनी पार्क्स यांनीही अलाहाबादच्या बर्फखड्ड्यांचे वर्णन लिहून ठेवले. कोलकात्याच्या जवळ असे खड्डे हुगळी-चुंचुडा भागात होते आणि तिथला बर्फ शहरातल्या साहेबी घरांत येई. तो बर्फ म्हणजे गाळमिश्रित कीच होती, पेल्यात घालण्याजोगी मुळीच नव्हे. पेये निववण्यापुरता मात्र तो उपयोगी पडे. ज्यांना तोही मिळत नसे त्यांच्याकडे ‘आबदार’ नावाचा नोकर सोरा पाण्यात विरघळवून त्या थंडाव्यात बाटल्या फिरवत बसे. माघाच्या पहाटे अनवाणी पायांनी थाळ्या उचलणाऱ्यांच्या वाट्याला त्या बर्फातले काय आले असेल, हे कुणी लिहून ठेवलेले नाही. अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

पाणी गोठत होते ते कशामुळे? पहिला संशय बाष्पीभवनावर गेला. झिरपणारी माती, उथळ भांडे, कोरडी हवा. घरोघरचा माठ याच वाटेने थंड होतो. पण १८१४ मध्ये लंडनचे वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स यांनी दवावरचा आपला निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात बंगालच्या बर्फाचाही विचार केला. त्यांचा युक्तिवाद साधा होता. बाष्पीभवनाला वारा हवा. इथे तर वारा सुटला की बर्फ धरत नसे. निरभ्र आणि स्तब्ध रात्रच लागे. गवत ओले झाले तर ते बदलावे लागे, कोरडेच हवे असे. बाष्पीभवन हेच मुख्य कारण असते तर ओल्या गवताने मदत व्हायला हवी होती. वेल्सनी लोकरीचे वजन केलेले छोटे पुंजके रात्री बागेत ठेवून त्यांवर किती दव साठते हे मोजले होते. आकाश उघडे असेल तिथे जास्त, वर फळीचा आडोसा असेल तिथे कमी. त्यावरून त्यांनी ठरवले की जमिनीवरच्या वस्तू रात्री आकाशाकडे उष्णता सोडतात, आणि आकाश तेवढी परत करत नाही. बाष्पीभवनाचा वाटा अगदी शून्य नव्हता, असे आज म्हणता येईल. पण मुख्य काम किरणांचेच होते.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार किरण सोडत असते, डोळ्यांना न दिसणारे. २५ अंशांची गच्ची दर चौरस मीटरला सुमारे ४५० वॉट फेकते. शून्य अंशाचे पाणीसुद्धा ३०० वॉटहून अधिक. तरीही वस्तू झपाट्याने गारठत नाहीत, कारण भोवतालच्या भिंती, झाडे आणि हवेतली वाफ तशीच ऊर्जा त्यांच्याकडे परत फेकत असतात. जमाखर्च जवळजवळ बरोबरीत राहतो. फक्त एक खिडकी उघडी असते. ८ ते १३ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात वातावरण बरेचसे पारदर्शक आहे, आणि जमिनीवरच्या वस्तू नेमक्या याच पट्ट्यात सर्वांत जास्त किरण सोडतात. कोरड्या, निरभ्र रात्री या खिडकीतून उष्णता थेट अंतराळात निसटते. समजा निव्वळ तोटा चौरस मीटरमागे ५० वॉट झाला. तर शून्यावर आलेल्या पाण्याचा तीन मिलिमीटर जाडीचा बर्फ व्हायला पाच-साडेपाच तास पुरतात. थाळीखालच्या वाळलेल्या पाचटांचे काम एवढेच की जमिनीची ऊब वर येऊ नये. पाचटांत अडकलेली स्थिर हवा ही उष्णतेची वाईट वाहक, आणि इथे नेमका वाईटच वाहक हवा होता.

(एक गंमत नमूद करण्याजोगी आहे. किरणांच्या ज्या नियमावर हे सारे उभे आहे त्या प्लांकच्या नियमाची नवी, स्वच्छ सिद्धता १९२४ मध्ये ढाक्याहून आइन्स्टाइनकडे पाठवणारे सत्येंद्रनाथ बोस हे कोलकात्याचे. आणि त्यांचे वर्गबंधू मेघनाद साहा यांनी बी. एन. श्रीवास्तव यांच्यासह उष्णतेवर जे पाठ्यपुस्तक लिहिले ते १९३१ मध्ये, अलाहाबादेत शिकवत असताना. बार्करने पाहिलेले खड्डे त्याच गावचे.)

हुगळीच्या बर्फाचा धंदा उष्णतेनेच संपवला, पण उलट्या दिशेने. मे १८३३ मध्ये बोस्टन बंदरातून ‘टस्कनी’ नावाचे जहाज निघाले. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने त्यात न्यू इंग्लंडच्या गोठलेल्या तळ्यांतून कापलेला १८० टन बर्फ भरला होता. चार महिने, दोनदा विषुववृत्त ओलांडून, ते सप्टेंबरात हुगळीच्या मुखातून वर आले तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. कोलकात्याच्या गोऱ्या वस्तीला आनंदाचे भरते आले. बर्फावरची जकात माफ झाली, रात्रीच्या गारव्यात माल उतरवायची परवानगी मिळाली, वर्गणी काढून बर्फघर बांधले गेले, आणि गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी जहाजाबरोबर आलेले विल्यम रॉजर्स यांना चांदीचा पेला भेट दिला. पुढच्याच वर्षी मुंबईतही अमेरिकन बर्फ पोहोचला. जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम दिले आणि खाणाऱ्यांना सर्दी झाली, असा किस्सा मुंबईत अजून सांगितला जातो.

८० टन वितळला याची हळहळ वाटते; खरे आश्चर्य उरलेल्या १०० टनांचे आहे. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. ८० टनांचा हिशेब केला आणि तो चार महिन्यांच्या सेकंदांत वाटला, तर जहाजाच्या त्या कोठारात सरासरी अडीच किलोवॉटच्या आसपास उष्णता शिरत होती असे निघते. स्नानगृहातला नेहमीचा गिझर दोन किलोवॉटचा असतो. उष्ण कटिबंधातला समुद्र, डोक्यावर सूर्य, भोवताली दमट हवा. आणि या सर्वांना मिळून एका गिझरहून थोडीच जास्त उष्णता आत ढकलता आली. हे साधले ते फळ्यांच्या दुहेरी भिंतींनी, त्यांच्यामध्ये ठासलेल्या कोरड्या सालीच्या भुशाने आणि बर्फाच्या लाद्या फटी न ठेवता रचण्याने. मोठ्या ढिगाला आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी, म्हणून तो स्वतःलाच सांभाळतो. वितळलेले पाणी मात्र सतत उपसावे लागे. भुसा भिजला की त्यातल्या हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी हवेपेक्षा विसाहून अधिक पटींनी चांगले वाहक आहे. चुंचुड्याच्या मजुराला ओल्या गवताविषयी जे ठाऊक होते तेच बोस्टनच्या व्यापाऱ्याला ओल्या भुशाविषयी शिकावे लागले. १८७८ मध्ये कोलकात्यात बंगाल आइस कंपनी उभी राहिली आणि यंत्राच्या बर्फापुढे जहाजी बर्फही टिकला नाही.

अडीच किलोवॉटचा आकडा लक्षात ठेवून आजच्या बडाबाजारात किंवा बऊबाजारात शिरावे. सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी पट्ट्यातून गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली मराठी माणसे या सोनारपेठांतही आहेत. दुष्काळी शेती मागे टाकून आलेल्यांची ही कितवीतरी पिढी. काम एकच: जुने सोने-चांदी मुशीत वितळवायचे, टाकणखार टाकून मळी वर काढायची, शुद्ध लगड ओतायची. चांदी ९६२ अंशांना वितळते, सोने १०६४ अंशांना. भट्टीचे तोंड ११०० अंशांच्या आसपास असते. किरणांची ऊर्जा तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, त्यामुळे त्या तापमानाचा पृष्ठभाग ३५ अंशांच्या भिंतीच्या सुमारे ४०० पट उष्णता फेकतो. तळहाताएवढ्या उघड्या तोंडातून दीड किलोवॉटच्या वर ऊर्जा बाहेर पडते, आणि तिचा मोठा हिस्सा समोर बसलेल्या माणसाच्या छातीवर, चेहऱ्यावर येतो. त्यासाठी मधल्या हवेने तापण्याची गरज नसते. म्हणूनच नुसता पंखा लावून भट्टीची झळ थांबत नाही. मध्ये पत्र्याचा साधा आडोसा उभा केला तर थांबते. कारागिरांना हे पुस्तकाशिवाय कळलेले असते. चांदीची कांब एका टोकाला तापवली की दुसरे टोक लगेच चटका देते, कारण साध्या धातूंत तिच्याइतका चांगला उष्णतावाहक दुसरा नाही, हेही त्यांना बोटांनी कळलेले असते.

दिवसभर अशी झळ घेतलेला माणूस रात्री जिथे टेकतो ती जागा बहुधा वरच्या मजल्यावरची असते, कारण तिथले भाडे कमी. इथे भट्टी नसते, छत असते. नुसते बसलेले मानवी शरीर सुमारे १०० वॉट उष्णता निर्माण करते आणि ती बाहेर टाकल्याखेरीज जगू शकत नाही. त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या जवळपास. भिंती, छत आणि हवा यांहून थंड असतील तोवर उष्णता आपसूक बाहेर जाते. छत ४० अंशांवर गेले की व्यवहार उलटतो. छत देते आणि शरीर घेते. मग घामाचाच आधार उरतो. एक लिटर घाम सुकला तर सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, पण तो सुकला पाहिजे. कोलकात्याच्या मे-जूनच्या हवेत तो सुकत नाही, नुसता ओघळतो. ज्या कारणाने पावसाळ्यात माठातले पाणी गार होत नाही, त्याच कारणाने. झोपेच्या सहा-सात तासांत शरीराला दिवसाचा ताण उतरवायचा असतो. तो उतरला नाही तर दुसऱ्या दिवशीचा ताण आदल्या दिवसाच्या शिलकीवर चढतो. वृद्धांचे, हृदयरुग्णांचे आणि तान्ह्या मुलांचे बळी उन्हाच्या लाटेत असे जातात, आणि मृत्यूच्या दाखल्यावर त्याला उष्णता हे नाव क्वचितच पडते.

हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या २०२१ च्या अहवालात मोठ्या शहरांच्या तापण्याचा जो आढावा आहे, त्यात १९५० ते २०१८ या काळात कोलकात्याचे तापमान २.६ अंशांनी वाढल्याचे दाखवले आहे. हा सगळा वाटा जागतिक तापमानवाढीचा नव्हे. बुजवलेली तळी, तोडलेली झाडे आणि वाढलेले काँक्रीट यांचाही त्यात हिस्सा आहे. दाट वस्तीत आणखी एक गोष्ट घडते, तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. अरुंद गल्लीतल्या भिंतीला आकाश दिसतच नाही. तिला समोरची तेवढीच तापलेली भिंत दिसते. दोघी रात्रभर एकमेकींना उष्णता देत-घेत बसतात. वेल्सच्या लोकरीवरची फळी ती हीच.

बर्फाच्या थाळीचे शास्त्र आता रंगाच्या डब्यात परत आले आहे. २०१४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील आस्वथ रामन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये एका पातळ बहुस्तरीय आवरणाविषयी लिहिले. ते सूर्यप्रकाशाचा ९७ टक्के भाग परतवते आणि स्वतःची उष्णता नेमक्या त्या ८ ते १३ मायक्रोमीटरच्या खिडकीतून बाहेर टाकते. भर उन्हात ते भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे पाच अंशांनी थंड राहिले. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातही मॅग्नेशियम ऑक्साइड आणि पॉलिमर यांच्या मिश्रणातून याच तत्त्वावरचा स्वस्त रंग तयार झाला आहे. तेलंगणाने २०२३ मध्ये ‘कूल रूफ’ धोरण आणले. अहमदाबादेने त्याआधी दहा वर्षे, २०१३ मध्ये, उष्णतेसाठीचा कृती आराखडा केला होता.

कोलकात्यासाठी मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, आणि अशा बातम्यांत ती सहसा येत नाही. आकाशाची खिडकी पाण्याच्या वाफेने मिटते. कॅलिफोर्नियात किंवा जैसलमेरात जे आवरण रात्री भरपूर उष्णता अंतराळात सोडेल, तेच जूनच्या कोलकात्यात फार थोडी सोडेल. तिथे वाफेने भरलेले आकाशच गच्चीकडे उष्णता परत पाठवत असते. हुगळीचे खड्डे पौष-माघातच चालत, ते उगीच नव्हे. म्हणून या शहरात रंगाचा मोठा फायदा खिडकीचा नाही, पांढरेपणाचा आहे. ऊन आत शिरूच न देणे, एवढेच त्याने केले तरी पुष्कळ आहे. स्लॅबने दिवसा उष्णता घेतलीच नाही तर रात्री ती द्यायची वेळ येत नाही. तेवढ्यासाठी महागडे आवरण नसले तरी चालते; चुन्याची सफेदीही ऊन परतवते. फक्त कोलकात्याच्या पावसात ती टिकत नाही, शेवाळ धरते, काळी पडते आणि दर उन्हाळ्याआधी पुन्हा मारावी लागते. भाडेकरूने ती का मारावी आणि मालकाने ती का मारावी, हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा नाही, पण खोलीचे तापमान बऱ्याचदा त्याच्या उत्तरावर ठरते.

दुसरा प्रश्न मोजणीचा. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार ‘उष्ण रात्र’ जाहीर होते ती दिवसाचे कमाल तापमान ४० अंश किंवा त्याहून अधिक असेल आणि रात्रीचे किमान तापमान सरासरीच्या साडेचार अंशांहून वर राहिले तरच. नागपूर-चंद्रपूरला हा निकष शोभतो. कोलकात्यात दिवस ३७ अंशांचा, हवा चिंब दमट, रात्र ३० अंशांची आणि खोली त्याहून तापलेली असेल, तर ती रात्र या व्याख्येत बसत नाही. वेधशाळेचा तापमापक हिरवळीवर, जाळीदार पांढऱ्या पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. हवा मोजण्याची ती योग्यच रीत आहे. पण पाचव्या मजल्यावरच्या माणसाला हवेइतकेच छत तापवते, आणि छताचे किरण त्या पेटीत शिरत नाहीत.

संध्याकाळी सहाच्या सुमारास या गच्च्यांवर बादल्या घेऊन बायका आणि मुले चढतात. तापलेल्या स्लॅबवर पाणी ओतले की चर्र आवाज होतो, ओल्या सिमेंटचा वास सुटतो आणि पहिली बादली काही मिनिटांत सुकते. सुकते, म्हणजे तेवढी उष्णता छत सोडून गेली. दुसरी सुकायला जास्त वेळ लागतो. पाण्याचा नळ खालच्या मजल्यावर, आणि लिफ्ट बहुतेक इमारतींत नाही. हवा दमट असलेल्या संध्याकाळी तिसरी बादली तशीच साचून राहते. मग खोलीतल्या चटया वर येतात, सुतळीने मच्छरदाण्या बांधल्या जातात, आणि ज्यांना गच्चीवर जागा मिळते ते उघड्यावर पडतात. आकाश वाफेने भरलेले असले तरी खालच्या छतापेक्षा ते कितीतरी थंड असते.